कालचा भाव काय होता?

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर वेधशाळा आहे, 1792 सालची. कंपनी सरकारने ती तारे बघायला उभारली. आता तिथून ढगांवर नजर असते. 2015 च्या 1 डिसेंबरला चेन्नईवर आभाळ फाटलं. चोवीस तासांत नुंगंबाक्कमला 29 सेंटिमीटर, तांबरमला 49. नोंद अगदी चोख. त्याच दोन-चार दिवसांत वीस रुपयांची दुधाची पिशवी शंभराला गेली, पिण्याच्या पाण्याला शंभर-दीडशे पडायला लागले. ही नोंद मात्र वर्तमानपत्रांवर सोडलेली होती, आणि तीही कशीबशी झाली. कामगार छापखान्यापर्यंत पोचू शकले नाहीत म्हणून 'द हिंदू' चेन्नईत 1878 पासून पहिल्यांदाच एक दिवस निघाला नाही.

थोडक्यात, पाऊस मोजायला सरकारी माणूस आहे. लूट मोजायला कोणी नाही.

संकटात भाव चढवणाऱ्याविरुद्ध आपल्याकडे कायदा नाही का? आहे की, चांगले चार आहेत! 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. 1980 चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात खटला न चालवता सहा महिने आत ठेवता येतं. 2009 चा वजनमापांचा कायदा आहे, त्याच्या नियमांप्रमाणे छापील किमतीवर एक पैसा घेता येत नाही. शिवाय तमिळनाडूचा खास गुंडा कायदा आहे. 2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, रेमडेसिव्हिर या औषधाचा काळाबाजार करणाऱ्यांना तोच लावा, असं मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी पोलिसांना सांगितलं होतं. याखेरीज 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहेच. खोटा दावा करून मदत लाटली, मदतीचा माल हडपला, अफवा पसरवली, तर त्यात शिक्षा आहे. पुरात अडकलेल्याच्या खिशात हात घातला तर काय, याबद्दल शिक्षेच्या कलमांत अवाक्षर नाही.

बरं, जे चार आहेत ते वेळेला उपयोगी पडतात का? जीवनावश्यक वस्तू कायदा आपण होऊन जागा होत नाही. वस्तू यादीत हवी, मग सरकारने आदेश काढून भाव बांधायचा, मग कोणी तो मोडायचा, मग गुन्हा. करोनाच्या वेळी मास्क आणि सॅनिटायझर 13 मार्च 2020 ला यादीत आले. भाव ठरले 21 मार्चला: तीनपदरी मास्क 10 रुपये, 200 मिलिलिटर सॅनिटायझर 100 रुपये. 30 जूनला मुदत संपली आणि 1 जुलैला दोन्ही वस्तू यादीतून बाहेर. साथीची मुदत संपल्याचं साथीला मात्र कोणी कळवलं नाही.

राहिली छापील किंमत. नुंगंबाक्कमच्या गल्लीबोळांत 'अण्णाच्ची कडै' असतात, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने वीज गेली, आविन या तमिळनाडूच्या सहकारी दूधसंघाचा पुरवठा कोलमडला. आमच्या गल्लीतल्या अण्णाच्चीने निळी पिशवी पुढे केली, छापील कोपरा अंगठ्याखाली दाबून. "नाप्पदु." चाळीस. मी म्हटलं, "अण्णाच्ची, अंगठा काढा." त्याने काढला. खाली वीस. त्याला ना लाज वाटली ना राग आला. "सार, गाडी येत नाही. पोरगा मेन रोडवरून सायकल ढकलत घेऊन आला." पोरगा दारातच उभा होता, मांडीपर्यंत चिखल. मी चाळीस दिले. कायद्याने बघाल तर अण्णाच्ची गुन्हेगार, कारण त्याच्या मालावर किंमत छापलेली होती.

ज्याच्या मालावर किंमत छापलेलीच नसते, त्याची मजा बघा. होडी, लॉजची खोली, पाण्याचा टँकर, ॲपवरची टॅक्सी यांच्यापैकी कशालाही छापील कोपरा नाही, त्यामुळे अंगठ्याखाली दाबायला काही नाही. चेन्नईच्या रिक्षांना सरकारने 2013 साली दर बांधून दिले: पहिल्या 1.8 किलोमीटरला 25 रुपये, पुढे किलोमीटरला 12. त्या दराने पुरात सोडा, कोरड्याठाक रविवारीही कोणी नेत नव्हतं. ॲपवाल्यांना तर केंद्राच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांनी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत परवानगीच दिली. अण्णाच्चीनेही दुप्पटच घेतले होते. फरक एवढाच की त्याच्याकडे ॲप नव्हतं.

आणि छापण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याचं काय? छापील किंमत उत्पादकच ठरवतो. 2021 च्या एप्रिलमध्ये लोक रेमडेसिव्हिरसाठी वणवण फिरत होते, तेव्हा सरकारने कंपन्यांना जरा टोकलं. एका कंपनीची कुपी 2,800 वरून 899 वर आली. दुसरीची 5,400 वरून 2,700 वर. औषध तेच, कुपी तीच, आजार तोच. आदल्या दिवशी 5,400 घेणारा कायद्याने सज्जन होता, कारण तेवढे छापले होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं तर आधी त्यावर लेबल चिकटवावं, म्हणजे अधिकारी विचारत नाहीत.

सरकारला तरी बोलायला तोंड आहे का? राजधानी, शताब्दी, दुरंतोला 2016 च्या सप्टेंबरपासून गर्दी वाढेल तसं भाडं वाढतं, सुरुवातीला तर दीडपटीपर्यंत वाढायचं. 2020 च्या मे महिन्यात जगात कच्चं तेल मातीमोल झालेलं, लोक घरात कोंडलेले, तेव्हा केंद्राने पेट्रोलवर लिटरला 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर एका रात्रीत वाढवला. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, तेव्हा त्या पायांना सरकारी नाल ठोकलेला असू शकतो.

मनात आणलं तर मात्र काम चटकन होतं. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, इतर कंपन्यांची भाडी गगनाला भिडली. 6 डिसेंबरला सरकारने कमाल भाडं बांधून टाकलं: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,500 च्या पुढे 18,000. विमानतळावर अडकलेल्यांसाठी हे काही दिवसांत झालं. पाण्यासाठी अडलेल्यांचं काय? 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पाणवठ्यांभोवती जमावबंदीही लागली. 2019 साली चेन्नईलाही जोलारपेट्टैहून पाण्याची गाडी आली. दोन्हीकडे तहानलेल्यांच्या रांगा मोठ्या होत्या. आवाज विमानतळावरच्यांचा मोठा असतो.

इथे अर्थशास्त्राचे विद्वान हात वर करतात. भाव चढू द्या, म्हणजे लांबचा माणूस माल घेऊन येईल. भाव बांधलात तर रांगेतला पहिलाच दहा पिशव्या उचलेल. मुद्दा खोटा नाही. सायकल ढकलणाऱ्या पोराला जादा मिळायलाच हवं. पण पूल पाण्याखाली असताना भाव पाचपट केला तरी दूध पोहत येत नाही. आणि दहा पिशव्या उचलणाऱ्याला रोखायला भाव कशाला हवा? 'माणशी दोन' अशी पाटी पुरते.

अमेरिकेत न्यूयॉर्कने 1979 साली संकटात भाव चढवण्याविरुद्ध कायदा केला. कॅलिफोर्नियाचा तर वाचण्यासारखा आहे. आणीबाणी जाहीर झाली की अन्न, पाणी, इंधन, हॉटेलची खोली, यांपैकी कशाचाही भाव पुढचे साधारण तीस दिवस आणीबाणीच्या लगेच आधीच्या भावापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त चढवता येत नाही. स्वतःचा खर्च वाढल्याचं विक्रेत्याने दाखवलं तर तेवढी सूट. आपला कायदा विचारतो, काय छापलंय? त्यांचा विचारतो, काल काय घेत होतास? सगळी मेख इथे आहे. दुसऱ्या प्रश्नातून होडीवाला सुटत नाही, कंपनी सुटत नाही, ॲप तर नाहीच. आणि चिखलातून दूध आणणाऱ्या पोराची मजुरीही बुडत नाही.

आपल्याकडे असा आकडा एकदा येऊन गेला. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने भाजी-फळं दुप्पट किंवा टिकाऊ धान्य दीडपट महागलं तरच साठ्यावर मर्यादा, असं ठरवलं होतं. मोजायला आधीच्या बारा महिन्यांचा किंवा पाच वर्षांचा भाव घ्यायचा होता. तो आकडा होता व्यापाऱ्याला मोकळीक द्यायला, आणि शेती कायद्यांबरोबर तोही 2021 मध्ये रद्द झाला. गिऱ्हाईकासाठी असा आकडा मात्र कोणी मागताना दिसत नाही.

तो मागायला हवा. आपत्ती जाहीर झाल्या घटकेपासून आदल्या दिवसाचा भाव पक्का, वर दहा टक्के, खर्चाचा पुरावा असेल तर तेवढे जास्त, वस्तू असो की सेवा. चार ओळींचं कलम आहे, चेन्नईच्या नाहीतर मुंबईच्या विधानसभेला एका दुपारचं काम. ते होईपर्यंत तुम्ही एवढं करा: भाव चढला की बिल मागा, बिल मिळालं नाही तर पाटीचा नाहीतर मोबाइलच्या पडद्याचा फोटो घ्या आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रार अण्णाच्चीचीच करू नका, ॲपवाल्याची आणि छापणाऱ्याचीही करा.