ताम्हिणीचे नियोजक

पुण्याला गेल्या शतकात सायकलींचे शहर म्हणत. आज तेथे सायकल हे वाहन कमी आणि छंद अधिक झाले असून, या छंदाच्या छायेत, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या सुशिक्षित गृहस्थांत, एक स्वतंत्र वर्ग उदयास आला आहे. सायकल चालवणे हे या वर्गाचे लक्षण नव्हे, कारण ती पुष्कळजण चालवतात. इतरांनी ती कोणत्या रविवारी, किती वाजता, कोणत्या गिअरमध्ये आणि काय खाऊन चालवावी हे ठरवणे, हे त्याचे खरे लक्षण होय. सोयीसाठी या व्यक्तीस येथे नियोजक म्हटले आहे. गटातील धाकटी मंडळी त्याला समोर ‘सर’ म्हणतात आणि आपसांत ‘एक्सेल काका’. ही दुसरी पदवी त्याला ठाऊक असते व मनातून आवडतेही.

नियोजकाच्या अधिकाराचा उगम बहुधा एका ब्रेव्हेत असतो. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक मुदतीत स्वबळावर पुरे करण्याचा, स्पर्धा नसलेला सायकलप्रवास. त्याचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे असून २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. नियोजकाने अशी एक ब्रेव्हे मुदत संपण्याच्या थोडेसे आधी पूर्ण केलेली असते आणि त्या दिवसापासून तो ‘आपण’ ऐवजी ‘रायडरने’ हा कर्ता वापरू लागतो, जसे की, रायडरने तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे.

त्याच्या प्रतिभेला खरा वाव मिळतो तो ताम्हिणी घाटाच्या एकदिवसीय बेतात. चांदणी चौकातून निघून भूगाव, पिरंगुट, पौड असे करीत मुळशी धरणाच्या जलाशयाकाठाने ताम्हिणी गाठायची, घाट उतरून कोकणात विळ्याला जायचे आणि आल्या वाटेने त्याच दिवशी परतायचे, असा हा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग. त्याची अडचण अंतरात नसून सह्याद्रीच्या घडणीत आहे. इतरत्र डोंगरात सायकलस्वार बहुधा दरीतून निघतो, पाय ताजे असताना चढतो आणि थकल्यावर उतरतो. दख्खनचे पठार मात्र पश्चिमेकडे येता येता कड्याशी एकाएकी तुटते आणि खाली थेट कोकण लागते, त्यामुळे पठारावर राहणाऱ्या पुणेकराच्या वाट्याला सकाळी उतार येतो आणि भर दुपारी, कोकणच्या उन्हात, जेवण अंगावर आलेले असताना, सुमारे पाचशे मीटर उंचीचा चढ येतो. भूगोलाची ही चूक वेळापत्रकाने दुरुस्त करता येईल, अशी नियोजकाची श्रद्धा आहे.

तिथी निवडताना तो पावसाळा बाद करतो, कारण त्या दिवसांत धबधबे सुरू असले तरी धुके, दरडी आणि रविवारच्या मोटारींची रांगही सुरू असते. उन्हाळ्याचा तर उच्चारही होत नाही. उरतो तो डिसेंबर, आणि डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवून सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम अकरा तासांचा. दीडशे किलोमीटर, एक घाट आणि मिसळ एवढे सारे अकरा तासांत बसत नसल्याने प्रस्थान पहाटे पाचला ठेवले जाते, आणि या पाचच्या वेळेला नियोजक लग्नाच्या मुहूर्ताइतके जपतो. दोन्ही ठिकाणी मंडळी किती उशिरा येतात हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही पत्रिकेवर मिनिटे छापली जातात.

यानंतर तक्ता तयार होतो. त्यात प्रत्येक टप्प्यासमोर अंतर, सरासरी वेग, पोहोचण्याची वेळ, थांबण्याची मिनिटे आणि चढाची टक्केवारी असे रकाने असतात. चढाची टक्केवारी म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर रस्ता जितके मीटर वर जातो तो आकडा. घाटाची सरासरी पाच टक्के धरली, तर पाचशे मीटर वर जाण्यास दहा किलोमीटर लागतात. पुढचे गणित गिअरचे. पायडलला जोडलेल्या पुढच्या चक्राला ३४ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ३२ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर पुढे सरकते. फेऱ्यांच्या गतीला, म्हणजे मिनिटाला पायडल किती वेळा फिरते त्या संख्येला, कॅडन्स म्हणतात. तो साठ ठेवल्यास वेग ताशी आठ किलोमीटर पडतो आणि घाट सव्वा तासात संपतो. या हिशेबात कोठेही चूक काढता येत नाही. फक्त तिसऱ्या किलोमीटरपासून उतरून सायकल ढकलत चालण्यासाठी तक्त्यात रकाना नसतो, आणि गटातील निम्म्या मंडळींचा बहुतेक घाट त्याच न छापलेल्या रकान्यात जातो.

तक्ता गटावर पाठवला, की उत्तरादाखल अंगठे येतात. हे अंगठे वाचण्याची विद्या नियोजकाला अनेक वर्षांनंतरही साधलेली नसते. काहींच्या लेखी अंगठा म्हणजे ‘येतो’, काहींच्या लेखी ‘वाचले’, आणि उरलेल्यांच्या लेखी ‘तुमच्या उत्साहाला शुभेच्छा’. नियोजक मात्र सर्वांची बेरीज करून पौडच्या हॉटेलात बारा मिसळींची वर्दी देतो. दरम्यान नुकतीच महागडी सायकल घेतलेला सभासद टायरमध्ये हवेचा दाब किती ठेवावा असे विचारतो, त्यावर चाळीस संदेशांची चर्चा झडते, आणि हवा भरण्याचा पंप कोण आणणार हा मूळ प्रश्न तिच्यात बुडून जातो. जास्तीची ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंक्चरचे सामान, मिठाच्या पुड्या, चिक्की, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा ही यादी तो तीनदा पाठवतो, आणि तिन्ही वेळा त्या सर्व वस्तू फक्त त्याच्याच पिशवीत असतात. घाट चढताना त्याची सायकल सर्वांत जड का असते, याचे उत्तर गटाने कधी शोधलेले नाही.

प्रत्यक्ष दिवशी पाचला चांदणी चौकात नियोजक एकटा असतो. पावणेसहाला सातजण जमतात आणि पौडला पोहोचेपर्यंत तक्ता एक तास मागे पडलेला असतो. मुळशीला तो आणखी मागे पडतो आणि येथे दोष, न्यायाने पाहता, नियोजकाचाच. धरणाची भिंत दिसली की तो सायकल उभी करून, टाटांच्या या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सुरू केलेल्या मुळशी सत्याग्रहाची आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ कसे झाले याची हकिकत सांगतो. ती तो चांगली सांगतो आणि मंडळी तेवढा वेळ बसून घेतात. व्याख्यानाच्या शेवटी, मुळा नदीचे जे पाणी एरवी भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळाले असते, ते येथून पश्चिमेकडे वळवून कड्याखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रावर कसे सोडतात, हेही तो समजावतो. त्या पाण्याला परत वर यायचे नसते हे त्यातले मर्म मंडळींच्या ध्यानात दुपारी येते.

घाटाचा उतार मात्र कोणत्याही तक्त्यावाचून सुखाने पार पडतो. विळ्याच्या टपरीवर चहावाला या रंगीबेरंगी, घामेजलेल्या आणि शिरस्त्राणधारी समुदायाकडे पाहून ‘एसटी चुकली काय, दादा?’ एवढेच विचारतो. परतीच्या चढावर नियोजकाचे खरे रूप दिसते. जो माणूस आठवडाभर सरासरी वेगाविषयी बोलत होता, तो सर्वांच्या मागे राहतो, ढकलत चालणाऱ्याबरोबर स्वतः उतरून चालतो, कोणाची चेन बसवून देतो, कोणाला चिक्की देतो, आणि पुढे एकच वळण उरले आहे असे प्रत्येक वळणावर सांगतो. हे शेवटचे विधान त्याच्या सर्व आकडेवारीत सर्वांत खोटे आणि सर्वांत उपयोगी असते. पुढे पौड मागे पडल्यावर, सकाळी अंधारात उतरून गेल्याने कोणाच्या लक्षातही न राहिलेला पिरंगुटचा लहानसा घाट आता चढाच्या रूपात समोर उभा राहतो, तेव्हा गटातून नियोजकाच्या कुळाचा उद्धार होतो. तो चढ तक्त्यात होता, बाविसाव्या ओळीत. ती ओळ कोणी वाचलेली नसते.

रात्री गटावर छायाचित्रे येतात आणि घाटाचे, जलाशयाचे, नव्या सायकलीचे कौतुक होते. तक्त्याचा उल्लेख कोणी करत नाही. नियोजकालाही त्याची खंत वाटत नसावी, कारण त्या वेळी तो वरंध घाटाचा नकाशा उघडून बसलेला असतो. या गृहस्थाची थट्टा करणे सोपे आहे आणि त्याच्या वेळापत्रकावर विसंबणे धोक्याचे आहे, हे दोन्ही खरे असले, तरी तो नसता तर या सातही सायकली गॅलरीत टॉवेल वाळत घालण्याच्या कामी आल्या असत्या, हेही तितकेच खरे आहे. म्हणून ज्या वाचकांना त्याचा संदेश येत असेल, त्यांनी अंगठ्याऐवजी ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ असे शब्दांत कळवावे, आणि येणार असल्यास टायरमध्ये हवा शनिवारी रात्रीच भरून ठेवावी. पहाटे चांदणी चौकात ती भरण्यासाठी तक्त्यात वेळ धरलेला नसतो.