गन स्वस्त, हवा महाग

नवरात्र जवळ आलं की मेन डोअरच्या पॉलिशचा विषय निघतो. पॉलिशवाला येतो, सागवानी दारावरून तळवा फिरवतो, ‘च्च’ असा आवाज काढतो आणि एक आकडा सांगतो. ‘कळवतो तुम्हाला’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. रात्री जेवणं आटोपली की गृहस्थ मोबाइल घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात सरकतात आणि साडेअकराच्या सुमारास बायकोला हाक मारून एक व्हिडिओ दाखवतात. आपल्याकडचा टू-बीएचके सहज मावेल अशा अमेरिकन गॅरेजमध्ये एक दाढीवाला माणूस हातातल्या पिस्तुलाचा घोडा ओढतो आणि टेबलावर तकाकी उतरते. खाली किंमत दिलेली असते, पॉलिशवाल्याच्या आकड्याचा पाचवा हिस्सा. ‘म्हणजे बघ,’ गृहस्थ म्हणतात, ‘गन आपली, पॉलिश आपलं, आणि पुढच्या वर्षीपासून फुकट.’

या हिशेबात हवा धरलेली नसते. स्प्रे गनचा सगळा खर्च आणि सगळा ताप मात्र हवेत असतो.

फवारणीच्या यंत्राचा इतिहास पाहिला तर फ्लॅटच्या दाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी डॉ. ॲलन डेव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून त्यांनी १८८०च्या दशकात फवारा बनवला. पुढे त्यांच्या मुलाने, टॉमसने, तेच तत्त्व रंगाला लावलं आणि १९०७च्या सुमारास स्प्रे गन आली. तिकडे शिकागोत मार्शल फील्ड कंपनीच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्या जोसेफ बिंक्स यांच्यापुढे तळघराच्या लांबलचक भिंतींना सफेदी करायचं काम होतं. त्यांनी हातपंपाचं फवारणी यंत्र तयार केलं. १८९३मध्ये शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं (त्याच निमित्ताने झालेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले) त्याच्या अवाढव्य इमारती अशीच फवारणी करून पांढऱ्याशुभ्र करण्यात आल्या, कारण उद्घाटन तोंडावर आलं होतं. थोडक्यात, क्षेत्रफळ अफाट आणि वेळ कमी असेल तेव्हा उपयोगी पडणारं हे यंत्र. आपल्या गृहस्थांकडे एकच दार आहे आणि दिवाळीला अजून महिना आहे.

पण खोकं घरी येतंच.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेले असतात. मिक्सर निवडण्याच्या अनुभवामुळे मराठी माणूस वॅटवर विश्वास ठेवतो. पाचशेपेक्षा साडेसहाशे बरे, आणि आठशे मिळत असतील तर सोन्याहून पिवळं. हे वॅट जातात कुठे? हातात धरायच्या या स्वस्त गनमध्ये एक छोटा पंखा गरागरा फिरत असतो. तो भरपूर हवा फेकतो, पण तिचा दाब जेमतेम दोन-तीन पीएसआय. एवढ्याशा दाबाने दाट पॉलिशचे बारीक कण होत नाहीत, जाडे थेंब होतात. मग लाकडावर जो पृष्ठभाग उमटतो त्याला या धंद्यात संत्र्याची साल म्हणतात. ती दिसू नये म्हणून थिनर वाढवावं, तर उभ्या दारावरून ओघळ येतात. शिवाय मोटरमधून निघणारी हवा कोमट असते. झटपट वाळणारं लॅकर त्या हवेत वाटेतच अर्धवट सुकतं आणि दारावर खरखरीत पावडर होऊन बसतं. खोक्यावरचा फोटो काढताना बहुधा दार नसतं, फक्त फोटोग्राफर असतो.

या खोक्यात सर्वांत मोलाची वस्तू असते एक प्लास्टिकची इवलीशी वाटी, बुडाला भोक पाडलेली. अनेक घरांत ती ‘तुटकी आली’ म्हणून पहिल्याच दिवशी केराच्या बादलीत जाते. ती तुटकी नसते. पॉलिश किती दाट आहे हे मोजायचं ते माप आहे. वाटी पॉलिशमध्ये बुडवायची, काठोकाठ भरून वर उचलायची आणि खालून पडणारी धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. आपल्याकडचे रंगाचे कारखाने हेच काम ‘फोर्ड कप बी-फोर’ नावाच्या धातूच्या कपाने करतात, तेही ३० अंश तापमानाला, कारण उन्हात ठेवलेला डबा आणि सावलीतला डबा यांचं उत्तर सारखं येत नाही. फवारायचं लॅकर त्या कपातून साधारण वीस सेकंदांच्या आसपास वाहून जावं लागतं. अनुभवी पॉलिशवाला कप वापरत नाही. तो काडी बुडवून वर काढतो, धारेकडे बघतो आणि ‘अजून थोडं टाक’ म्हणतो. त्याच्या आकड्यात ही नजरही धरलेली असते, पण कोटेशनवर तिची वेगळी ओळ नसल्यामुळे ती आपल्याला दिसत नाही.

पहिल्या गनने हात पोळलेला माणूस शहाणा होत नाही, तो कॉम्प्रेसर घ्यायला निघतो. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. दुकानदार विचारतो, ‘काय मारायचंय साहेब?’ साहेब म्हणतात, ‘पॉलिश.’ दुकानदार एक एचपीचा, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर पुढे ओढतो आणि वरून हुकमी वाक्य टाकतो, ‘गाडीच्या टायरमध्ये पण हवा भरता येईल.’ खरेदी तिथेच पक्की होते. एका वस्तूची दोन कामं होणार म्हटल्यावर तिचं पहिलं काम ती कसं करते हे विचारायचं राहून जातं.

आता गन. शंभर दुकानांत शंभर गन, आणि जवळपास सगळ्यांवर ‘एचव्हीएलपी’ छापलेलं. हवा जास्त, दाब कमी, असा त्याचा सरळ अर्थ. ही अक्षरं प्रतिष्ठेला चढली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. जुन्या पद्धतीच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी जेमतेम तिसरा हिस्सा वस्तूवर बसायचा आणि बाकीचा हवेत जायचा. तिथल्या हवा-गुणवत्ता नियंत्रण मंडळाने १९८०च्या दशकात नियम कडक केले. गनच्या तोंडाशी दाब १० पीएसआयपेक्षा जास्त नको आणि किमान ६५ टक्के रंग वस्तूवर बसला पाहिजे. नियम चांगला आहे. पण कमी दाबात काम करायचं तर हवा धो धो लागते. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या साध्या एचव्हीएलपी गनला मिनिटाला ८ ते १२ घनफूट हवा हवी असते, म्हणजे ८ ते १२ सीएफएम. एक एचपीचा कॉम्प्रेसर देतो ३ किंवा ४. त्यावर छापलेला आकडा याहून मोठा दिसला तर तो बहुतेक वेळा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. नळीच्या टोकाशी हाती येणारी हवा त्याहून कमी.

मग जे व्हायचं ते होतं. दाराचा वरचा कप्पा सुरेख निघतो. गृहस्थ ‘बघितलंस?’ अशा नजरेने मागे वळतात. दुसऱ्या कप्प्याच्या मध्यावर टाकीतली हवा संपते, फवाऱ्याचा पंख्यासारखा पसरलेला झोत मिटतो आणि गन थुंकायला लागते. कॉम्प्रेसर घर्रर्र करून टाकी भरायला घेतो, गृहस्थ गन उंच धरून उभे राहतात, आणि तोवर वरच्या कप्प्याची ओली कड वाळून तिथे पट्टा पडतो.

खरं म्हणजे या कॉम्प्रेसरला शोभणारी गन बाजारात मिळते. ‘एलव्हीएलपी’ म्हणून मागावी, ३ ते ५ सीएफएमवर भागणारी, कप वर असलेली, १.३ किंवा १.४ मिलिमीटर नोझलची. खुर्च्या, स्टूल, फोटोफ्रेम असल्या कामांना ०.८ किंवा १ मिलिमीटरची छोटी गन पुरते. कप खाली लटकणारी ‘पीक्यू-टू’ सगळ्यांत स्वस्त पडते आणि म्हणून सगळ्यांत जास्त खपते. ती लोखंडी ग्रिलला झकास. दिवाणखान्यातल्या विनियरला नको. एवढी माहिती विचारली तर दुकानदारही आनंदाने देतो. पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो ‘सगळ्यात स्वस्त कुठली?’ आणि दुसरा असतो ‘अजून काय कमी होईल?’

जागेचं म्हणाल तर व्हिडिओतल्या माणसाकडे गॅरेज होतं. इथे चार फुटांची बाल्कनी, तिच्यात वॉशिंग मशीन, तुळस आणि वाळत घातलेला पंचा. फवारलेलं सगळं दारावर बसत नाही हे वर आलंच. उरलेलं जातं कुठे? एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर असेल तर ते हवेतच वाळून भुरा होतं आणि फडक्याने पुसता येतं. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइल पेंट ओला असतानाच खाली उतरतो आणि जिथे बसतो तिथेच पक्का होतो. ‘तिथे’ म्हणजे खालच्या मजल्याची काच, किंवा पार्किंगमधली सेक्रेटरींची नवी गाडी. त्यानंतरचा पत्रव्यवहार सोसायटीच्या लेटरहेडवर होतो.

मास्कबद्दल गृहस्थ निर्धास्त असतात, कारण कोविडच्या काळात घेतलेले एन-९५ अजून कपाटात आहेत. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. थिनरच्या वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो. हार्डनर मिसळायच्या पीयूमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो, म्हणून कारखान्यात हे काम करणाऱ्याला बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवतात. घरात हा प्रकार गनने मारूच नये, इथे विनोदाला जागा नाही. आगीचंही तसंच. थिनरमध्ये सर्रास असणाऱ्या टोल्युइनच्या वाफेला ४ अंश सेल्सिअसलाही ठिणगी पुरते. वेण्णा लेकवर दवबिंदू गोठतात ती एखादी पहाट सोडली तर महाराष्ट्रात वर्षभर हा धोका आहे, आणि आपण बंद खोलीत, मोटरवाली गन हातात घेऊन, शेजारी देवघरात समई तेवत असताना कोट मारायला उभे राहतो.

दमट हवेत तर लॅकर स्वतःच रुसतं. त्यातलं थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिश दुधाळ, पांढरं दिसायला लागतं. रत्नागिरीत गणपतीच्या आधी दार चकचकीत करायचा हट्ट धरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत साचणारं पाणी वेगळंच. टाकीच्या बुडाला ते सोडायचा कॉक असतो, आणि तो शोधायला टाकी उलटी करावी लागते हे बहुतेकांना पहिल्या फवाऱ्याबरोबर पाण्याचे थेंब दारावर पडल्यावर कळतं. मॉइश्चर ट्रॅप काही शे रुपयांत मिळतो. तो ‘नंतर घेऊ’च्या यादीत असतो.

एवढ्या धामधुमीत एक काम कुणीच मोजत नाही, घासणं. आधी १२० नंबरचा पेपर, मग १८०, मग २२०, मग सीलर, मग ३२०, मग पुन्हा कोट आणि पुन्हा घासणं. सागाची छिद्रं भरल्याशिवाय वरून कितीही महागडी गन मारा, दार खड्डे दाखवतंच. दार विनियरचं असेल तर वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. दोन हात जास्त बसले की खालचा प्लायवुड दात विचकतो. पॉलिशवाल्याचा सगळ्यात जास्त वेळ या घासण्यात जातो, आणि त्याचे पैसे वाचवायला घेतलेलं यंत्र नेमकं हेच काम करत नाही.

गनशिवायही लाकूड चमकतं, ही गोष्ट भारतात सांगायची वेळ यावी ही गंमतच. जगाला लाख पुरवणाऱ्या देशांत आपण आघाडीवर. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४पासून उभी आहे. सावंतवाडीची पारंपरिक खेळणी लाखेच्या रंगात झळाळतात. चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि जुन्या सुती बनियनच्या तुकड्यात कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्याने हात मारत जायचं. कपाट, खुर्ची, आजोबांचं लिहायचं मेज यांना यासारखं पॉलिश नाही. पाण्याने आणि गरम कपाने त्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून पाऊस झेलणाऱ्या मेन डोअरला आणि जेवणाच्या टेबलाला ते नको. पण बनियन ऑनलाइन ‘वूड फिनिशिंग टूल’ म्हणून कुणी विकत नाही, त्याला साडेचार तारे नाहीत आणि त्याचे वॅटही नाहीत.

तरीही गन घेऊ नये असं या सदराचं म्हणणं नाही. वेताच्या खुर्च्या, झरोक्याची शटर, कोरीव देव्हारा किंवा किचनच्या ट्रॉल्यांची डझनभर दारं असतील तर ब्रश रडवतो आणि गन तारते. गच्ची किंवा अंगण असावं, वारा पडलेला असावा, आधी पुठ्ठ्यावर हात बसवावा, गन सहा ते आठ इंच लांब धरून मनगट न वळवता सरळ न्यावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा.

काम संपल्यावर घरातले सगळे दार बघायला जमतात आणि गन तशीच राहते. अर्ध्या तासात आतलं पॉलिश घट्ट होतं. मग सेफ्टी पिन शोधली जाते आणि नोझलचं गोल भोक लंबगोल होतं. पिन घालू नये. दाताची लाकडी काडी चालते. उरलेलं पॉलिश ओतून कपात थिनर भरायचं, घोडा ओढून स्वच्छ धार येईपर्यंत फवारायचं, सुई मागून सरळ ओढून पुसायची, तोंडावरची एअर कॅप वेगळी भिजत घालायची. गन आख्खी बुडवून ठेवू नये, कारण आतलं पॅकिंग रबराचं असेल तर थिनरमध्ये फुगतं. टेफ्लॉनचं असेल तर काही होत नाही. कुठलं आहे ते दुकानदाराला विचारावं, आणि त्याने गनकडे न बघताच ‘टेफ्लॉनच आहे साहेब’ असं सांगितलं, तर पॅकिंगचा एक जादा सेट तिथेच मागून घ्यावा.