घोड्याचं सगळं ठरलं

नॉर्थ डकोटाच्या पश्चिम टोकाला लिटल मिसूरी नदीनं लाखो वर्षं कुरतडून ठेवलेला मुलूख आहे. पट्ट्यापट्ट्यांच्या मातीचे सुळके, कोरड्या घळी आणि सावलीला म्हणाल तर स्वतःच्या टोपीची. तिथले लोक त्याला सरळ ‘बॅडलँड्स’ म्हणतात; ‘निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेला’ वगैरे म्हणायची त्यांच्यात पद्धत नाही. या मुलखातून ‘मा-दा-हे’ नावाची १४४ मैलांची, म्हणजे साधारण २३० किलोमीटरची वाट जाते. ती घोड्यावरून करायची, असं आमच्या मिनियापोलिसच्या गणेशोत्सवात चौघांनी मोदक खाता खाता ठरवलं. चौघांचा मिळून घोडेस्वारीचा अनुभव म्हणजे माथेरान. तिथं लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो, हा मुद्दा कोणी काढला नाही. उलट अटकेपार गेलेल्या मराठ्यांचा विषय निघाला आणि पुढची चर्चाच खुंटली.

घोडं पेंड कुठे खातं ते नंतर कळलं. तिथं ते पेंड खातच नाही, दाखलेवालं गवत खातं. ही वाट बरीचशी सरकारी कुरणातून जाते आणि तिथं नेलेला चारा तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाहीतर परकं तण लिदीतून रानभर रुजायचं. साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला आठ-नऊ किलो वाळलं गवत फस्त करतो, वर तीसेक लिटर पाणी. राज्याबाहेरचा घोडा असेल तर रक्ततपासणी आणि पशुवैद्याचा दाखला वेगळा. घोड्याची फाईल माझ्या ग्रीन कार्डाच्या फायलीहून जाड झाली, आणि मंजूरही आधी झाली.

मग घोड्यांच्या मालकिणीचा फोन आला. बाई सत्तरीच्या, आवाज खणखणीत. माणूस, खोगीर आणि पडशी मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर भार नको, म्हणाल्या. साडेचारशेचे वीस टक्के नव्वद. खोगीर सोळा किलोचं. माझं वजन ब्याऐंशी, तेही सकाळी, उपाशीपोटी, चष्मा काढून. “जरा मोठा घोडा नाही का?” मी विचारलं. “आहे,” बाई म्हणाल्या, “पण तो गाडी ओढतो.” फोन स्पीकरवर होता. बायकोनं न बोलता साजूक तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवली.

चष्म्यावरून आठवलं, थिओडोर रूझवेल्टही इथं आला तेव्हा चष्मेवालाच होता. सप्टेंबर १८८३, वय चोवीस, न्यूयॉर्कचा श्रीमंत पोरगा. गावातले लोक त्याला ‘चार डोळेवाला’ म्हणत. बायसनच्या शिकारीला आला, दिवसचे दिवस पावसात भिजला, वाटाड्या टेकीला आला तरी हा खूश! शिकार झाली आणि जाताना गडी १४,००० डॉलर गुरांच्या धंद्यात घालून गेला. पुढे १८८६-८७च्या हिवाळ्यानं त्यातली बरीच गुरं नेली. आमच्यातला एकजण हा किस्सा ‘स्फूर्तिदायक’ म्हणून सांगतो. त्याच्या बायकोनं जॉइंट अकाउंटचा पासवर्ड बदलला आहे.

रूझवेल्टला भेटलेला तो पाऊस हीच खरी मेख. इथल्या मातीत बेंटोनाइट असतं. सर आली की ती फुगते, साबणासारखी निसरडी होते आणि वर पुन्हा नालांना चिकटते. तिकडे तिला गम्बो म्हणतात. अशा वेळी उतरायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं, एवढाच उपाय. हे ऐकून आमच्या एक्सेलवाल्याचा चेहरा पडला. त्यानं तक्ता केला होता: वीसेक मैलांवर एकेक मुक्काम, तिथं हातपंप, घोडे बांधायचे दांडे, सगळं नीट. पण रकाने दहा-दहा मिनिटांचे. ‘९.४० ते ९.५० : घोडे पाणी पितील.’ मालकिणीनं खाली लिहून पाठवलं, “घोड्यांना विचारलंत?”

नदी ओलांडायची आहे, तिथं पाण्याची पातळी आदल्या दिवशी बघायची. रॅटलस्नेक आहेत. बायसन वाटेत बसला असेल तर त्याला उठवायचं नाही, लांबून वळसा घालायचा. आणि वाटेवरच्या खांबांवर खूण कासवाची आहे. घोड्यांच्या वाटेवर कासव! आमचा वेग त्यांना आधीच कळला असावा.

काल मालकिणीचा अंतिम तक्ता आला. प्रत्येक घोड्यापुढे नाव, वय, स्वभाव, कशाला बुजतो, कोणाशेजारी बांधू नये, सगळं सविस्तर. स्वारासाठी एकच रकाना : ‘भार’. मी तिथं ७४ लिहिलं आहे. सप्टेंबरात निघायचंय, अजून अवकाश आहे.