त्यात काय मोठंसं!

काही माणसं बाजारात खरेदीला जात नाहीत, तपासणीला जातात. वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची, बुडाला स्क्रू किती ते मोजायचे, किंमत विचारायची आणि "त्यात काय मोठंसं! हे घरी होतं," असं दुकानदाराच्या तोंडावर सांगून ती फळीवर परत ठेवायची. रत्नागिरीत अशा माणसाला आळीप्रमाणे नाना, बापू, भाऊ, अप्पा असं काहीही म्हणतात. आपण नाना म्हणू. वय साठीपुढे, उभी नोकरी कुठल्याशा वर्कशॉपात, मुलगा पुण्याला, आणि पडवीत जेवणाच्या टेबलापेक्षा मोठं कामाचं टेबल. नानांनी एकदा आमसुलं वाळवायचं यंत्र घरी केलं होतं. त्यात आमसुलं वाळण्याऐवजी शिजली. "सार करायचा एक टप्पा वाचला," म्हणाले.

तर अशा माणसाच्या मोटरसायकलची टाकी गळायला लागली.

मोटरसायकल म्हणजे जावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीशी करार करून १९६१ पासून तिथं गाड्या काढल्या. पुढे सत्तरच्या दशकात टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. नानांची गाडी वडिलांनी घेतलेली, नाव बदलायच्या आधीची. मरून टाकी, बाजूला क्रोम, गुडघ्याला रबर. या गाडीची किक आणि गिअर एकाच दांडीवर. त्यामुळे नवखा चोर किक शोधता शोधताच पकडला जाणार, अशी नानांची खात्री, म्हणून ती कायम बिनकुलपाची उभी. चोर अजून आलेला नाही याचं त्यांना जरा वाईटच वाटतं.

रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथं साठी गाठत आलेली पत्र्याची टाकी काय टिकणार? पण नानांचा रोख समुद्रावर नव्हता, घाटावर होता. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून फुटून तळाला बसतं आणि पत्रा आतून गंजतो. इथवर शास्त्र. पुढचं नानांचं. "इथेनॉल कशाचं? उसाचं. ऊस कुणाचा? घाटावरचा. म्हणजे धरणं त्यांची, साखर कारखाने त्यांचे, आणि भोक आमच्या टाकीला!" इथेनॉल मक्याचं आणि तांदळाचंही करतात, असं मी सुचवून पाहिलं. "तांदूळही घाटावरचाच असणार," नाना म्हणाले.

सरळ माणूस टाकी धुऊन वेल्डरकडे नेतो, डाग मारून घेतो आणि चहा होईस्तोवर घरी येतो. नाना म्हणाले, "डाग मारलेला पत्रा पुन्हा गंजणार." हे बरोबर आहे. नानांचा प्रत्येक वेडेपणा एका अगदी बरोबर वाक्यापासून सुरू होतो, ही त्यांच्याशी वाद घालण्यातली खरी अडचण. मग न गंजणारं काय? कार्बन फायबर. हेही बरोबर. घनता पोलादाच्या पाचव्या हिश्शाएवढी, ताकद त्याच्या तोडीची, गंज शून्य. मॅक्लारेननं १९८१ साली शर्यतीच्या मोटारीचा सांगाडा यातून केला. आपल्या तेजस विमानाच्या सांगाड्यातही वजनानं सुमारे पंचेचाळीस टक्के माल याच जातीचा आहे. "विमान होतं, तर टाकी का नाही होणार? आपल्याला तर उडायचंही नाही."

मुलानं पुण्याहून कापड पाठवलं. कार्बन फायबर येतं ते खरोखरच कापडाच्या गुंडाळीसारखं: काळं, तिरक्या विणीचं, झकास चमकणारं. पार्सल काकूंनी उघडलं आणि पोत चाचपून त्या म्हणाल्या, "संक्रांतीला बरं होईल." नाना आतून ओरडत आले, "अगं, हात लावू नकोस, वीण सरकते!" मग आम्हा सगळ्यांना व्याख्यान झालं. एका धाग्यात तीन हजार तंतू, आणि एकेक तंतू केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड. केस दाखवायला स्वतःच्या डोक्यावर नव्हता, म्हणून माझा उपटला.

आता साचा. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून किती घरांच्या माळ्यावर एकेक निवृत्त मखर पडून आहे कोण जाणे. नानांची योजना अशी की थर्मोकोलमधून टाकीचा आकार कोरायचा, त्यावर कापड एपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून गुंडाळायचं, ते कडक झालं की आत पेट्रोल ओतून थर्मोकोल विरघळवून काढायचा. राहील ती टाकी. मखराच्या दोन खांबांतून आणि एका कमानीतून जावाची टाकी कोरली गेली. काकू हळहळल्या, "बाप्पाच्या मखराची टाकी?"

"अगं, विसर्जनच ते," नाना म्हणाले. "पाण्याऐवजी पेट्रोलात."

या सुमारास मिरकरवाड्याचा फायबरवाला दाखल झाला. बंदरात लाकडी होड्यांच्या बरोबरीनं फायबरच्या होड्या आल्या, तसे हे कारागीरही तयार झाले. काचेची मॅट, पॉलिस्टर रेझिन, रोलर. हार्डनर डोळ्यांच्या अंदाजानं. त्यानं टेबलावरचा पसारा पाहिला आणि म्हणाला, "नाना, एवढं महागाचं कशाला? आमचं रेझिन मारा की. त्यात होडी तरते, टाकी नाही तरणार?"

"टाकी तरायची नाहीये, भरायची आहे," नाना म्हणाले.

तरी त्यानं खात्रीसाठी आपलं रेझिन थर्मोकोलच्या एका कोपऱ्यावर ओतलं. कोपरा सर्वांदेखत नाहीसा झाला. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्मोकोल खातं. एपॉक्सी खात नाही. नानांनी तो दिवस सणासारखा साजरा केला. पण कापडावर रोलर फिरवायला त्यांचा स्वतःचा हात काही बसेना, तेव्हा करार झाला: हात तुझा, रेझिन माझं.

एपॉक्सीत हार्डनर वजनानं आणि ठरल्या प्रमाणातच घालावं लागतं. नानांनी ते काट्यावर अगदी चोख मोजलं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळं एकदम कालवलं. आता एपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं. पातळ पसरलं तर ती उडून जाते, डब्यात ढीग राहिला तर आतल्या आत चढत जाते. मे महिना, भर दुपार, पडवीवर पत्रा. फायबरवाला रोलर पुसतोय तोवर डब्यातून धूर निघाला, मग डबा बाजूंनी मऊ होऊन खाली बसला आणि टेबलाला कायमचा चिकटला. अजून तिथं आहे. त्यावरचं "केशर-वेलची" हे अक्षर काचेखाली ठेवल्यासारखं स्वच्छ दिसतं. "बघितलंस पकड?" नाना म्हणाले.

पुढच्या खेपेला थोडं थोडं कालवलं. कापड चढलं. पण थरांमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर टाकी तिथंच पाझरणार. म्हणून ओला नग प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा ओढून घेतात. ओढायला मोडक्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. पिशवी नव्या गादीच्या वेष्टनाची. पिशवीची कड हवाबंद करायला खास चिकटपट्टी मिळते. पण ती विकत मिळते. नाना परसात गेले आणि फणसाचा चीक घेऊन आले. चिकानं हवा धरली, हे मला लिहायला जड जातंय, पण धरली.

कॉम्प्रेसर घरघरत होता, पिशवी टाकीला घट्ट चिकटत होती, फायबरवाल्यानं विडी काढली (नानांनी ती लगेच विझवायला लावली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं), आणि भाट्याच्या बाजूनं वळीव आला. लाइट गेली. आता एपॉक्सी घट्ट होईपर्यंत हवा ओढत राहणं भाग होतं. अशा वेळी या जातीच्या माणसाचं खरं रूप दिसतं. आपण असतो तर देवाचं नाव घेतलं असतं. नानांनी सायकलचा पंप घेतला, त्यातला कातडी वायसर काढून उलटा घातला, आणि भरणारा पंप ओढणारा झाला. मग रात्रभर पाळीपाळीनं नाना, फायबरवाला, काकू आणि कंदील धरायला म्हणून आलेला मी. पहाटे नग बाहेर निघाला तेव्हा टाकी कमरेत बारीक झालेली. हवेच्या दाबानं आतला थर्मोकोलही दबला होता. "एरोडायनॅमिक," नाना म्हणाले, आणि झोपायला गेले.

वरचा थर द्यायचा तर पाऊस सुरू झाला. दमट हवेत एपॉक्सीच्या हार्डनरचा हवेशी संबंध येऊन वर तेलकट पांढुरकी साय धरते. ती धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. रत्नागिरीत जुलैत दमट नसलेली हवा फक्त देवघरात समईपाशी मिळते. टाकी काही दिवस तिथं होती. फायबरवाल्यानं सल्ला दिला की पावसात हार्डनर वाढवायचं. पॉलिस्टरला ते चालतं. एपॉक्सीला चालत नाही, तिथं जादा हार्डनर नुसतं चिकट होऊन बसतं. तो थर खरवडून काढताना दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते.

समेट झाला तो टाकीच्या तोंडापाशी. झाकण बसायला अ‍ॅल्युमिनियमची कडी हवी. आणि कार्बनला अ‍ॅल्युमिनियम टेकलं, मध्ये खारी ओल आली, की तिथं एक छोटीशी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. विमानवाले म्हणून दोहोंच्या मध्ये काचेच्या कापडाचा थर देतात. काच! फायबरवाला न बोलता पिशवीतून आपली मॅट काढून पुढे आला. ही कडी सबंध टाकीत सगळ्यात चोख बसली आहे, हे नानाही मान्य करतात, फक्त तो समोर नसताना.

गणपतीनंतर विसर्जन झालं. पेट्रोल आत गेलं, थर्मोकोलची खळ होऊन बाहेर आली आणि टाकी पोकळ झाली. पण रात्रभर पेट्रोल आत राहिल्यावर सकाळी नानांनी आतून नख दाबलं तर नखाची खूण उठली. इथेनॉलनं साध्या एपॉक्सीला मऊ केलं होतं. "घाट आडवा आला," एवढंच म्हणाले. उपाय असतो: नोव्होलॅक जातीचं, इथेनॉलला दाद न देणारं रेझिन आतून फिरवायचं. फिरवायचं म्हणजे टाकी हातात घेऊन सगळ्या कुशींवर कलती करत राहायचं. नानांनी ते संध्याकाळच्या मालिकांच्या वेळी केलं, प्रत्येक जाहिरातीला एक कूस. काकू म्हणाल्या, "मुलाला सुद्धा कधी इतका वेळ मांडीवर घेतलं नव्हतं."

मग टाकी विहिरीजवळच्या डोणीत बुडवून सायकल पंपानं अगदी बेतानं हवा भरली. एक बुडबुडा आला. तो बुजवला. दुसरा आला नाही.

गाडीला टाकी बसली, गाडी निघाली, आणि साळवी स्टॉपच्या चढावर बंद पडली. कार्बुरेटर. टाकीत काही किलो वाचले होते, ते हत्यारांच्या पिशवीत आधीपासूनच भरलेले असल्यामुळे नानांनी तिथंच उघडून साफ केला. वजनाचा हा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला नाही.

दुसऱ्यानं मांडला तो वजनाचा नव्हे, नियमांचा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ पासून व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. आळीतल्या एका निवृत्त कारकुनानं ही अट नानांना वाचून दाखवली आणि टाकीकडे बोट केलं. नाना म्हणाले, "तपासणीच्या दिवशी जुनी लावू." जुनी गळते. "मग तिला डाग मारून घेऊ." आणि मारून आणला. चहा होईस्तोवर. तो पत्रा आता कोरडाठाक भिंतीला टांगलेला आहे, आणि कारकुनानं पुढची अट काढली आहे: व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला बाहेर काढता येते. नानांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे दुरुस्तीला आणि पेट्रोलला? मग रोजचं आणखी काय असतं?"

उरलेल्या कापडाची त्यांनी या वर्षी लांब नळी केली आणि तिला टोकाला जाळी लावून आंब्याचा झेला केला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला त्यांनी दुकानात पाहिला होता, उलटा केला होता, आणि फळीवर परत ठेवला होता. नानांचा झेला एका हातात पेलतो, हे मी स्वतः पेलून पाहिलं. पण अंगणातल्या हापूसच्या दक्षिणेकडच्या फांदीवरून विजेची तार जाते. "नाना, कार्बनमधून वीज वाहते ना?" मी विचारलं.

"वाहते. अगदी बरोबर," नाना म्हणाले. "म्हणून त्या बाजूचे आंबे लाइट गेल्यावर काढायचे."

त्यामुळे काकू हल्ली दुपारभर पंख्याकडे बघत बसलेल्या असतात. तो थांबला की हाक येते, "अहो, गेली!"