लेणे क्रमांक १६ : एक प्रलंबित लेखाआक्षेप

प्रति,
मा. प्रमुख स्थपती (नाव नोंदीत आढळले नाही),
कैलास, लेणे क्रमांक १६,
मुक्काम वेरूळ.

विषय : विनानिविदा डोंगर कोरून देऊळ काढल्याबाबत.

संदर्भ : १) समक्ष पाहणी, सौ. व नातवासह. २) बडोद्याचा ताम्रपट, इ. स. ८१२-१३.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, बांधकामांची बिलं तपासण्यात छत्तीस वर्षं घालवून मी निवृत्त झालो आहे. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला लागतात. मीही लागलो. पण सवय वाईट. देवळात शिरलो की माझी नजर आधी गिलाव्याकडे जाते, मग देवाकडे.

आम्ही पहिल्यांदा आलो तो मंगळवार होता आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. चूक आमचीच. रात्र लॉजवर काढली आणि बुधवारी सकाळी तुमच्या दारात उभे राहिलो. तुमच्या कामाला आठवड्याची सुट्टी मिळायला बाराशे वर्षं लागली, हे मनात आल्यावर राग जरा निवळला.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली अडचण अशी की, तुमचं काम कुठल्या शीर्षाखाली मोजायचं तेच कळत नाही. बांधकाम म्हणावं तर तुम्ही एक दगडही बांधलेला नाही. होतं ते काढलंत आणि उरलं त्याला देऊळ म्हणालात. डोंगराच्या उतारात सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद खड्डा, मागची कातळभिंत ३० मीटरहून उंच, आणि मधोमध सोडलेल्या काळ्या पाषाणात गोपुर, नंदीमंडप, सभामंडप, शिखर, दोन ध्वजस्तंभ, दोन हत्ती. सगळं एकसंध. आमच्या मोजमाप पुस्तिकेत केलेल्या कामाची नोंद होते. न काढलेल्या दगडाची नोंद करायला रकानाच नाही.

'खोदकाम, कठीण खडक' ही बाब मात्र आमच्याकडे आहे, आणि तुम्हांला म्हणून सांगतो, ती सर्वांत लाडकी बाब आहे. मुरुमापेक्षा कठीण खडकाचा दर कितीतरी जास्त. त्यामुळे जमिनीत जो मुरुम असतो, तो बिलात शिरेपर्यंत खडक होऊन जातो. माझं निम्मं आयुष्य खडकाचा पुन्हा मुरुम करण्यात गेलं. तुमच्याकडे तर खराखुरा बेसाल्ट होता, सह्याद्रीचा, छिन्नीचं तोंड मोडणारा. आणि बिल सापडत नाही! हे संशयास्पद आहे.

निघालेल्या दगडाचं काय केलं, हाही प्रश्न आहे. अंदाजे दोन लाख टन असं जाणकार सांगतात. दहा टनी ट्रक धरला तर वीस हजार खेपा. गौण खनिजाची रॉयल्टी भरल्याची पावती नाही, वाहतुकीचा पास नाही, टाकल्याची जागा नाही. एवढ्या डबरात आमच्याकडे चार रस्ते झाले असते. निदान कागदावर तरी.

कामाचा क्रमही नियमबाह्य आहे. तुम्ही आधी डोंगरात तीन बाजूंनी चर खणले, मधला कातळ सुटा केला आणि मग वरून खाली आलात. म्हणजे शिखर आधी, पाया शेवटी. याबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. राणी माणिकावतीने नवस केला की, शिवाच्या देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. बाकीच्या कारागिरांनी वर्षांचे हिशेब मांडले. पैठणच्या कोकसाने आठवड्यात शिखर दाखवतो म्हणून सांगितलं आणि कळसापासून सुरुवात केली. राणी जेवली. देवळाला माणिकेश्वर नाव पडलं. गोष्ट खरी असो नसो, मुदतीत काम दाखवायची ही युक्ती मला फार आवडली. आमच्याकडेही आधी दिसेल तेवढंच करतात. फरक इतकाच की नंतर खाली कुणी उतरत नाही.

या पद्धतीत एक जोखीम आहे आणि तिची तरतूद तुम्ही कुठेच केलेली नाही. हत्तीच्या सोंडेवर घाव जास्त बसला तर पुढे काय? दुसरा दगड आणायची सोय नाही, सिमेंट फासून झाकायची सोय नाही. चूक दुरुस्त करायला जागाच न ठेवता तुम्ही शेकडो माणसांच्या हातात छिन्न्या दिल्यात. 'दुरुस्ती व पुनर्काम' या बाबीखाली शून्य. माझ्या कारकिर्दीत तिथे शून्य कधी पाहिलं नाही.

आराखड्याबद्दलही बोलायला हवं. तो पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर बेतलेला दिसतो, असं अभ्यासक म्हणतात. ते देऊळ चालुक्यांच्या राणीने बांधवलेलं. पुढे राष्ट्रकूटांच्या दंतिदुर्गाने चालुक्यांचं राज्य घेतलं, त्याच्यामागून त्याचा काका कृष्ण पहिला गादीवर आला आणि तुम्हांला हे काम मिळालं. जुन्या सरकारची योजना उचलून, थोडी मोठी करून, आपल्या नावाने पुढे आणायची! एवढी एकच गोष्ट मला तुमच्या सगळ्या व्यवहारात ओळखीची वाटली.

बाजूच्या दालनांकडे जाणारे दगडी पूल पडले आहेत, याचीही नोंद घेतली. किती शतकांनी पडले ते कळायला मार्ग नाही. दोषदायित्वाचा कालावधी संपलेला असावा, म्हणून हा आक्षेप मी इथेच सोडतो. आमच्याकडे पुलांना एवढा वेळ लागत नाही.

दक्षिणेच्या बाजूला मी जरा जास्तच थांबलो, हे कबूल करतो. तिथे देवळाच्या खाली, काळोख्या पोकळीत रावण बसला आहे आणि वीस हातांनी कैलास हलवतो आहे. वर पार्वती घाबरून शंकराच्या दंडाला बिलगली आहे, मागची दासी पळत सुटली आहे आणि शंकर मात्र बसल्या जागी नुसता पाय दाबून ठेवतो आहे. मी हे चित्रांत पाहिलं होतं. चित्रात कळत नाही ते हे की, रावण भिंतीवर चिकटवलेला नाही. त्याच्या मागचा दगड काढून टाकलेला आहे, त्यामुळे अंधार त्याच्या पाठीमागून येतो. आणि तो हलवतो आहे तो डोंगर म्हणजे तुमचं हेच देऊळ, आम्ही ज्याच्या सावलीत उभे होतो तेच.

नातू म्हणाला, "आजोबा, हा उचलतोय, मग आपण पडत का नाही?"

मी म्हटलं, "अरे, वर पाय आहे ना."

"कुणाचा?"

त्याला वर दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग हळूच भिंतीपासून दोन पावलं लांब सरकला. पर्यटकांच्या अभिप्रायाच्या वहीत असं काही लिहिता येत नाही, म्हणून इथे नोंदवतो.

सौ.चं म्हणणं वेगळं. तिने चपला काढून गाभाऱ्यात जाऊन पिंडीला हात जोडले आणि बाहेर येऊन म्हणाली, "इथे रांग फोटोची. चला, देवाची रांग घृष्णेश्वराला." तिथे आम्ही दोन तास उभे होतो. त्या देवळाचा जीर्णोद्धार वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांनी केला, पुढे अहिल्याबाई होळकरांनी. रांगेतल्या प्रत्येकाला ही दोन नावं पाठ होती. कैलास कुणी कोरला, असं मी पुढच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "राष्ट्रकूटांनी." जणू कृष्णराजा स्वतः धोतर खोचून कातळावर चढला होता.

महोदय, माझा मुख्य आक्षेप हाच आहे. नामफलक नाही. आमच्याकडे काम राहिलं तरी चालतं, फलक राहत नाही. भूमिपूजनाचा फलक, उद्घाटनाचा फलक, मधे कुणी बदललं तर त्यावर चिकटवलेला तिसरा. तुमच्याकडे कृष्णराजाचं श्रेयसुद्धा ठरतं ते ताम्रपटांवरून, आणि त्यातला हा बडोद्याचा पट त्याच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी दिलेल्या दानाचा आहे. तुमचं नाव तर तिथेही नाही. बदाम काढून त्यात अक्षरं खरवडणारे आमच्यातले काही मात्र एका किल्लीने दोन मिनिटांत तुमच्या भिंतीवर नाव लावून गेलेत. उत्पादकतेच्या दृष्टीने त्यांची कामगिरी तुमच्यापेक्षा सरस म्हणावी लागेल.

त्या ताम्रपटात तुमचा उल्लेख आहे तो फार विचित्र आहे. आकाशातून जाणाऱ्या देवांनाही हे माणसाचं काम वाटेना असं सांगून पुढे म्हटलं आहे की, ज्याने हे घडवलं तोच काम झाल्यावर थक्क झाला. आपण हे कसं केलं ते त्याला सांगता येईना आणि पुन्हा असं करणं जमणार नाही असं त्याला वाटलं.

मी छत्तीस वर्षं लोकांना विचारत आलो, हे तुम्ही कसं केलंत? उत्तरं भरपूर आली. टिपणं आली, जोडपत्रं आली, एकदा एका फाइलीबरोबर पेढ्यांचा डबा आला (परत केला, पेढे नव्हते त्यात). "मलाच कळत नाही" असं उत्तर मात्र कुणीही दिलं नाही. हे मान्य करावं की नाही, याबद्दल नियमपुस्तिका गप्प आहे.

संध्याकाळी मी एकटाच डोंगरावरच्या वाटेने थोडा वर गेलो. तिथून तुमचं देऊळ खाली दिसतं. देवळाकडे असं वरून बघायची वेळ माणसावर सहसा येत नाही. मंडपाच्या छतावर कमळ आणि त्याभोवती सिंह आहेत. ते खालून कुणाला दिसत नाहीत. न दिसणाऱ्या जागी सिंह का कोरलेत, हा आक्षेप मी लिहायला घेतला होता. पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं.

तरी वरील मुद्द्यांचा खुलासा आपल्या सोयीने पाठवावा. मुदत घालत नाही.

आपला,
(सही अवाच्य)

प्रत माहितीसाठी : बदामातले 'र' आणि 'प', उत्तरेकडील भिंत.