कोपऱ्यातली आत्या

नवी लेन्स हातात आली की फोटोग्राफर आधी तिच्यातून बघत नाही, तिला तोलतो. आमच्यातल्या एकाने सोनीची नवी २४-७० घेतली, तेव्हा जमलेल्या प्रत्येकाने ती तळहातावर वर-खाली करून “हलकी आहे रे!” असा निकाल दिला. २०१६ ची पहिली आवृत्ती ८८६ ग्रॅमची, २०२२ ची ही दुसरी ६९५ ची. वाचलेल्या १९१ ग्रॅमच्या आनंदात सगळ्यांनी वडापाव खाल्ले आणि वजनाचा हिशेब तिथल्या तिथे चुकता केला.

या जातीच्या लेन्सला स्टँडर्ड झूम म्हणतात. २४ वर अख्खा मांडव मावतो, ७० वर नवरीच्या डोळ्यातलं पाणी दिसतं, आणि छिद्र सगळीकडे एफ २.८ पर्यंत उघडतं. स्टिल कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स, फोक्टलेंडरची झूमार, १९५९ साली आली. तीही ३६-८२, एफ २.८. इतक्या वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला, पण आमचं घोडं २.८ वरच.

वजन झाल्यावर मतं सुरू झाली. पक्षीवाला म्हणाला, “सत्तर? भिगवणचा फ्लेमिंगो यात मोहरीएवढा दिसेल.” रस्त्यावरचे फोटो काढणारा आयुष्यभर एकाच ३५ वर संसार करत आलाय. तो म्हणाला, “झूम करायला देवाने पाय दिलेत.” त्यावर लग्नवाला शांतपणे म्हणाला, “मंगलाष्टकं चालू असताना पायांनी झूम कर. भटजींच्या मांडीवर बसशील.” व्हिडिओवाला कशातच नव्हता. झूमची रिंग घट्ट-सैल करणारं बटण त्याला सापडलं होतं.

मग परीक्षा. लेन्सच्या परीक्षेला विटांची भिंत लागते, हा जगभरचा रिवाज. पुण्याची त्या बाबतीत सोय आहे. शनिवारवाड्याचा तट खाली दगडी आणि वर विटांचा आहे. समोर पर्यटक दिल्ली दरवाजाचे फोटो काढत होते आणि आम्ही त्याकडे पाठ करून, ट्रायपॉड लावून, विटा टिपत होतो. गाईडने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला एफ २.८ ची गरज नव्हती.

घरी येऊन फोटो लॅपटॉपवर उघडला. मधल्या भागाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळी डोकी डाव्या खालच्या कोपऱ्यावर वाकली. दोनशे टक्के. चारशे टक्के. “इथे जरा सॉफ्ट आहे.” “छे, कडक आहे.” “उजवा कोपरा बघ आधी.” एका विटेवर पानिपतापेक्षा जास्त चर्चा झाली.

न राहवून मी विचारलं, “पण फोटोच्या कोपऱ्यात असतं काय?”

लग्नवाला म्हणाला, “आत्या.”

खोली गप्प झाली. त्याने समजावून सांगितलं. ग्रुप फोटोत मधली जागा वरपक्षाची. रुसलेली आत्या कडेला उभी राहते, स्वतःहून, आणि अल्बम आला की सगळ्यात आधी स्वतःलाच शोधते. पुसट आली तर “आम्ही काय परके?” ठसठशीत आली तर “सुरकुत्या मोजायच्या होत्या का?” शिवाय २४ वर कडेचा माणूस आडवा ताणला जातो. तो लेन्सचा दोष नव्हे, भूमिती आहे. सपाट चौकटीत रुंद दृश्य बसवायचं आणि सरळ रेषा सरळच ठेवायच्या, तर कडा पसरणारच. पण “आत्या, तुम्ही जाड नाही, भूमिती तशी आहे,” हे वाक्य बोलून उरलेले पैसे वसूल झाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

म्हणून तो दोन पावलं मागे सरकतो, झूम ३५ वर आणतो आणि कडेला सडपातळ भाचे लावतो.

“म्हणजे पायांनीच झूम केलास की!” ३५ वाला आनंदाने ओरडला.

लेन्सबद्दलचं आमचं पहिलं मत त्यानंतर एकमताने ठरलं : वस्तू उत्तम आहे, आत्याला मधे घ्या.