सर्व्हर रूमचे तलाठी

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत त्यांना समोर ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘तलाठी’. सर्व्हर रूममधल्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचा आणि तिच्या वाट्याला आलेल्या ग्राफिक्स तुकड्याचा सातबारा त्यांच्या फायलीत असतो. फाईल खरीखुरी, पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली.

जागेवरून ओळख सांगितलेली त्यांना खपत नाही. ‘दोन नंबरचं कार्ड’ असं कोणी म्हटलं की तलाठी चष्मा काढतात. “आज दोन नंबरचं. उद्या मध्ये एक कार्ड घुसवलं की तेच तीन नंबरचं. मग?” हा नियम ते पुण्यालाही लावतात. ‘टॉकीजच्या मागे राहतो’ म्हणणाऱ्याला त्यांनी विचारलंय, “आणि टॉकीज पाडली की कुठं राहणार?”

दुखणं मात्र खरं आहे. एकाच ग्राफिक्स कार्डाचे तुकडे वेगवेगळ्या मशीनना वाटून द्यायची चौकट लिनक्सच्या 4.10 कर्नेलात, 2017 साली आली. तुकडा पाडताना त्याला यूयूआयडी हा ओळख-नंबर द्यावा लागतो: 32 आकडे-अक्षरं, मध्ये चार आडव्या रेघा. पण नोंद पक्की करून ठेवली नसेल, तर मूळ सर्व्हर रीस्टार्ट झाला की तुकडे गायब. पुन्हा पाडताना स्क्रिप्टनं नवाच नंबर काढला, तर मशीनच्या कागदावर, म्हणजे तिच्या एक्सएमएल फायलीत, जुना, सर्व्हरवर नवा, आणि मशीन काही उठत नाही. सोमवारी सकाळी डिझाइनवाले काळ्या पडद्यासमोर चहा पीत बसतात.

म्हणून तलाठ्यांची भिस्त यूयूआयडीच्या पाचव्या आवृत्तीवर. चौथ्या आवृत्तीत नंबर नशिबानं निघतो, पाचव्या आवृत्तीत नावावरून. नाव तेच तर नंबर तोच, हवं तितक्यांदा काढा. चौथ्या आवृत्तीतही दोन नंबर जुळणं जवळपास अशक्यच; 122 बिट म्हणजे पाचावर छत्तीस शून्यांहून जास्त पर्याय. “जवळपास ना?” असं म्हणून तलाठी फायलीतून बोट फिरवून घेतात.

मध्यंतरी एका नव्या पोरानं एका मशीनची एक्सएमएल फाईल कॉपी केली. मशीनचं नाव बदललं, तिचा यूयूआयडी बदलला, ग्राफिक्सचा तेवढा राहिला. एका तुकड्याला दोन मालक! जी मशीन आधी उठेल तिचा ताबा, दुसरीला एरर. दोन टीम दिवसभर एकमेकींवर संशय घेत होत्या. शेवटी तलाठ्यांनी पोराला शेजारी बसवलं आणि नाडी सोडली.

“सर, दुसरीला कुठलाही नंबर देऊन टाकतो.”

“कुठलाही म्हणजे चौथी आवृत्ती,” तलाठ्यांनी पेन उघडलं. “नाव सांग.”

पोरानं घाबरून स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट. तलाठ्यांनी ते लिहूनही घेतलं.

“मशीनचं रे!” ते म्हणाले. पण लिहिलेलं काही खोडलं नाही.